शंकूच्या डोक्याचे डबे

बिअरचा जुना डबा हाती आला की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते. नाव, रंग, चित्र सगळं मागाहून. ब्रुअरी लहान होती की मोठी, हे पुष्कळदा डोकंच सांगून टाकतं.

24 जानेवारी 1935 रोजी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला, डब्यातली बिअर पहिल्यांदा विकायला आली. न्यू जर्सीच्या क्रूगर ब्रुअरीची. डबा सपाट डोक्याचा, जाड पत्र्याचा. पण असे डबे भरायला नवी यंत्रं लागत. आसपासच्या गिऱ्हाइकावर पोट भरणाऱ्या छोट्या ब्रुअरीला तो खर्च कुठून झेपणार? त्याच वर्षी शंकूच्या डोक्याचा डबा निघाला. वर बाटलीचंच बूच, त्यामुळे बाटल्या भरायच्या जुन्या यंत्रावर तो भरता येई. पितळ घासायच्या ब्रासोचा डबा आठवा, हुबेहूब तसा. हा घाट कोणी हौसेनं घडवला नाही, अडचणीतून काढलेली ती वाट होती. म्हणूनच मला तो इतका देखणा वाटतो.

वेल्समधल्या लानेलीजवळच्या फेलिनफोएल ब्रुअरीनं डिसेंबर 1935मध्ये असेच डबे भरले. ब्रिटनमधली ती पहिली डब्यातली बिअर. लानेली म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं गाव, आणि तो धंदा तेव्हा मंदीत रुतलेला. बिअर खपली तर पत्राही खपणार होता.

शंकूच्या डोक्याचे कितीतरी डबे जुन्या उकिरड्यांतून उकरून काढलेले असतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवले की तपकिरी गंज हळूहळू सुटतो. आधी एखादी सोनेरी रेघ दिसते, मग अर्धं अक्षर, आणि अगदी खाली, बारीक टाइपात, ब्रुअरीच्या गावाचं नाव. ते नाव लागलं की माझा जीव भांड्यात पडतो. बड्या कंपन्यांच्या रेट्यात त्या ब्रुअऱ्या एकामागून एक बंद पडल्या. पुष्कळांची इमारतसुद्धा उरलेली नाही. अशा डब्यावर कुणी नवा रंग चढवला की मला राग येतो. उडालेला रंगही त्या डब्याचाच आहे, तो तसाच राहू द्यावा.

आणि आज एखाद्या लहान ब्रुअरीचा डबा आवडला, ठेवावासा वाटला, तर वरची कडी ओढू नका. जमवणारे करतात तसं तळाला दोन भोकं पाडा आणि बिअर तिथून ओतून घ्या.