खुलासा हवा, पण कशाचा?

दि. १० ऑगस्ट २०२५

चि. बाळास,



काल राखी बांधायला आक्का आली होती. तिच्याच फोनवर तुझा निरोप वाचला. ‘आप्पामामांना म्हणावं अर्ज लिहून द्या, चलन कॅन्सल करायचंय.’ खाली दोन चलनं आणि जोडलेले हात. खोटं कशाला सांगू, आधी बरंच वाटलं. एकतीस वर्षं आगारात कारकुनी केली, ड्रायव्हर-कंडक्टरांचे खुलासे लिहून दिले. आता कुणी लिहायला सांगितलं की हात शिवशिवतात. पण चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले आणि चहा पुढ्यात तसाच गार झाला.

पहिलं चलन मे महिन्यातलं. ते तू भरलंस! चार हजार, धाब्यावर बसून, एका बोटाने. अरे, त्या फोटोतल्या गाडीचं केबिन निळं आहे. तुझं तांबडं, गेल्या दसऱ्याला हार मीच घातलाय त्याला. कॅमेऱ्याने ३ चा ८ वाचला, एवढीच गोष्ट. त्या दुपारी तू तळेगावला लोडिंगच्या रांगेत बसून होतास. गेटपास होता, काटा पावती होती, बिल्टी होती, फास्टॅगच्या हिशेबात त्या दिवशी एकही टोल नव्हता. चार कागदांना टाचणी मारून पाठवायचे होते. तर म्हणे, ‘शेठची कटकट नको, मिटवून टाकलं.’

मिटवलं नाहीस, गळ्यात घालून घेतलंस. मोटार वाहन कायद्याच्या २०० कलमात २०१९ साली एक ओळ घातली आहे. दंड भरून तडजोड केली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरायचा. आणि १८३ कलम सांगतं, अवजड गाडीला वेगाचा दंड दोन ते चार हजार, पण दुसऱ्यांदा सापडला तर लायसन जप्त. तिथून ते परिवहन कार्यालयात जातं आणि तीन महिने अडकतं. कारवाल्याचं लायसन अडकलं तर तो रिक्षाने ऑफिसला जाईल. तुझं अडकलं तर चूल कशावर पेटवणार? सातबाऱ्यावरची एक चुकीची नोंद खोडायला तुझ्या वडिलांनी किती चपला झिजवल्या, आठवतंय ना? त्याच माणसाच्या पोराने स्वतःच्या नावावर खोटी नोंद पैसे देऊन करून घ्यावी?

जुलैच्या सुरुवातीला ई-चलनांवरून वाहतूकदारांचा संप झाला तेव्हा तू घोषणा देत होतास म्हणे. दिल्यास ते चांगलंच केलंस. पण घोषणेवर चलन नंबर नसतो, बाळा.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, चिपळूणच्या फेरीवरचा. गाडी पन्नास मिनिटं लेट आली म्हणून चार्जशीट मिळालं. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘साहेब, लिहा, ट्राफिक होतं.’ मी पेन खाली ठेवलं. कुठे होतं, किती वाजता, पुढे कोणती गाडी? अर्धा तास खोदून काढलं तेव्हा कळलं की कुंभार्ली घाटात दुसऱ्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी झाली होती, आणि मागे दुसऱ्या आगाराची गाडीही अडकली होती. तेवढंच लिहिलं, साडेसहा ओळी. साहेबांनी त्या दुसऱ्या गाडीचं लॉगशीट मागवलं, वेळ जुळली, प्रकरण बंद. ‘मी गरीब आहे, लेकरंबाळं आहेत’ असं एक अक्षर घालू दिलं नव्हतं मी त्याला. दया मागणारा कागद सगळ्यात खाली जातो. वेळ आणि जागा सांगणारा कागद साहेबाला उघडावाच लागतो. हे मी आगारात सगळ्यांना सांगून सांगून कंटाळा आणला होता, तुझी मामी अजून नक्कल करते.

तेव्हा मे महिन्याच्या चलनाची तक्रार अजूनही कर. पैसे परत येतील असं मानू नकोस, पण ती नोंद चुकीची आहे हे कागदावर राहू दे. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर तक्रारीची सोय आहे. चलन नंबर, गाडी नंबर, तारीख, वेळ, मग दोन ओळीत मुद्दा, खाली पुरावे. छापील प्रत घेऊन वाहतूक शाखेतही जा आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असं म्हणूच नये. आणि साइट ‘गव्ह डॉट इन’वाली आहे ना ते बघ. व्हॉट्सअॅपवर चलनाची फाइल आली तर तिला बोट लावू नकोस, आपल्या गल्लीत एकाचं खातं साफ झालंय. लोकअदालतीत सगळं माफ होतं म्हणतोस, तेही डोक्यातून काढ. तिथे तडजोड होते, कोण खरं ते ठरत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर पुढे अपीलही नाही.

आता दुसरं चलन. कॅमेऱ्याच्या चलनाला ऑगस्ट २०२१ पासून नियम आहेत. नोटीस पंधरा दिवसांत यायला हवी, तीत नंबरप्लेटसह स्पष्ट फोटो हवा, यंत्राने मोजलेला वेग हवा, आणि कॅमेऱ्याच्या आधी रस्त्यावर तशी पाटी हवी. यातलं एखादं कलम पकडून मी तुला झकास खुलासा लिहून देईन. काल रात्री मनात अर्धा लिहूनही झाला होता.

मग पुन्हा फोटो मोठा करून बघितला. केबिन तांबडं. काचेवर रंगवून घेतलेलं ‘आक्का’ नीट वाचता येतंय. जागा बोरघाटाचा उतार, अवजड गाड्यांना मर्यादा ४० ची, तुझा वेग ६२. वेळ पहाटे तीन वाजून बारा मिनिटं. न्हावाशेवाचा भरलेला कंटेनर पाठीवर.

चाळीसने घाट उतरताना मागचे शिव्या देतात, क्लच-ब्रेकचा वास येतो, सगळं मला माहीत आहे. दहा जणांचं ऐकलंय. पण भरलेली गाडी गिअरमध्ये असताना त्या उतारावर बासष्टला जाते का रे? न्यूट्रल केली होतीस? डिझेल वाचवलं तर शेठ ट्रिपमागे काही देतो असं तू शिमग्याला हसत हसत बोलला होतास. ते हसणं काल रात्रभर आठवत होतो. की डोळा लागला होता? किती तास झाले होते सलग?

जे खोटं होतं ते मुकाट भरलंस, आणि यावर खुलासा मागतोस.

आधी मला लिही. व्हॉइस मेसेज नको, कागदावर. चाकण कधी सोडलंस, चहा कुठे घेतलास, किती झोपलास, घाटात कोणता गिअर होता. त्या ड्रायव्हरला विचारलं तसंच तुलाही विचारतोय. त्यानंतर अर्जाचं बघू. लायसनवर आलंच तर तुझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा मी काठी टेकत बरोबर येईन.

आक्काला फोटो दाखवला. काचेवर स्वतःचं नाव बघून खूश झाली. वेळेचा आकडा खाली बारीक असतो, त्यावर मी अंगठा ठेवला होता.

तुझा,
आप्पामामा