रामभाऊंची मैफल

वकिली व्यवसायात नाव या वस्तूशी आमचा जितका संबंध येतो, तितका बारशाला पुढे सरसावणाऱ्या आत्याबाईंशिवाय दुसऱ्या कोणाचा क्वचितच येत असेल. निपाणीकडचा पक्षकार येऊन बसला, की त्याच्या पिशवीतून कागद निघू लागतात. आजाच्या वेळचे खरेदीखत मराठीत, बापाच्या वेळचा उतारा कानडीत, आणि आधार कार्डावर इंग्रजी अक्षरांतून फिरून आलेले तिसरेच काही. एका कागदात रामचंद्र, दुसऱ्यात रामा, तिसऱ्यात रामप्पा. मग मुद्रांकाच्या कागदावर आम्ही प्रतिज्ञालेख तयार करतो, की वरील तिन्ही नावांचा इसम एकच असून तो मीच आहे. असे किती इसम आम्ही आजवर एक करून दिले, याची मोजदाद नाही.

अनेक नावांचा एक मनुष्य सिद्ध करणे हा आमच्या पोटाचा उद्योग झाला. परंतु एका नावाची अनेक माणसे, आणि तीही गाणारी-वाजवणारी, हा आमच्या आवडीचा विषय आहे. कोणी मोटारींची चित्रे जमवितो, कोणी जुनी नाणी. आम्ही रामभाऊ जमवितो. या छंदाचे कारण उघड आहे. आमचे स्वतःचे नावही रामचंद्र.

हे नाव आम्हांस आजोबांकडून मिळाले. आमच्या जन्माआधी काही महिने ते वारले, तेव्हा नाव कोणते ठेवायचे याविषयी घरात वाद संभवतच नव्हता. पाळण्यात आत्याने कानात नाव सांगितले आणि आजोबा परत आले म्हणून सर्वांनी डोळे पुसले. अडचण पुढे आली. आजीच्या दृष्टीने ते पतीचे नाव. ते उखाण्याखेरीज ओठांवर यायचे नाही. आईच्या दृष्टीने ते सासऱ्यांचे. तेही यायचे नाही. घरात बायका दोन, आणि दोघींच्याही तोंडी आमचे नाव निषिद्ध! आजी ‘अरे बाबा’ म्हणे. आई कारवारकडची, माहेरची कोंकणी तिने सोडली नव्हती. ती ‘पुता’ म्हणे. शाळेत मास्तर हजेरी घेत तेव्हाच काय ते आपले नाव बाईमाणसाच्या आवाजाशिवाय, पण संपूर्ण ऐकावयास मिळे.

रामभाऊ जमविण्यास आमच्या भागाइतका दुसरा सुपीक प्रांत नसेल. धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. जन्म १८८६ चा, कानडी मुलखातला. तालीम खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. आणि नाव गाजले ते मराठी रंगभूमीवर. १९५२ साली ते गेले. पुढच्याच वर्षापासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ जो उत्सव सुरू केला, तो आजही भरतो. दुसरे रामकृष्णबुवा वझे. सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचा हा मुलगा विद्येच्या ओढीने ग्वाल्हेरपर्यंत गेला आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकला. १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’ नाटकाच्या चाली त्यांच्या. येथे प्रतिपक्षाचे वकील हरकत घेतील, की रामकृष्ण म्हणजे रामचंद्र नव्हे. हरकत मान्य आहे. पण निम्मे नाव तरी आमच्या बाजूचे आहे, आणि तडजोडीत निम्म्यावर दावा मिटला तर वकिलाने तक्रार करू नये.

तिसरे बेळगावचे रामभाऊ विजापुरे, पेटीचे उस्ताद. १९१७ सालचा त्यांचा जन्म. २०१० साली ते गेले. वझेबुवांकडून त्यांनी गळ्याचीही विद्या घेतली होती, म्हणजे या बाबतीत एका रामाने दुसऱ्या रामाला शिकविले असे म्हणावयास हरकत नाही. बेळगावात त्यांनी जे संगीत विद्यालय काढले, तेही श्रीरामाच्याच नावाचे. मराठी लोक त्यांना विजापुरे मास्तर म्हणत, कानडी लोक बिजापुरे मास्तर म्हणत. आमच्याकडे ते आले असते, तर उभय आडनावांचा इसम एकच असल्याचा प्रतिज्ञालेख आम्ही मोफत करून दिला असता. परंतु तशी गरज त्यांना कधी पडली नसावी. पेटीचा पहिला सूर लागताच दोन्ही भाषांचे लोक ओळखत, की हे मास्तर.

या तिघांना एका बैठकीवर बसवून आम्ही मनातल्या मनात पुष्कळ मैफली ऐकल्या. वझेबुवांनी धरलेला अनवट राग, सवाई गंधर्वांची किराण्याची संथ आलापी, आणि साथीला विजापुरे मास्तर. आमच्या सीमाभागात माणसाने नाव सांगितले, की ऐकणारा त्याचे आडनाव विचारतो. आडनावावरून भाषा, भाषेवरून बाजू, आणि बाजूवरून चहा द्यावयाचा की नाही ते ठरते. या मैफलीत मात्र तिघेही नुसते रामभाऊ. एक कानडी मुलखातला, एक तळकोकणातला, एक बेळगावचा. त्यांच्यापैकी कोणाची बाजू कोणती, हे ठरविणारा आयोग अद्याप नेमला गेलेला नाही.

मनातल्या मैफलीची गोष्ट सोडा; प्रत्यक्षातही राम एकत्र जमले होते. १९५५ सालच्या रामनवमीस पुण्याच्या आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर, छप्पन्न गीतांपर्यंत चालले. कवी ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडक्यांचे. सुधीर हे त्यांनी पुढे घेतलेले नाव; मूळचे ते आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे रामचंद्र विनायक फडके. गाणाऱ्यांत आणखी एक राम, ते राम फाटक. आणि ही कल्पना ज्यांनी मित्र माडगूळकरांच्या मागे लागून पार पाडवून घेतली, ते आकाशवाणीतील अधिकारी गोमंतकातले. त्यांचे नाव सीताकांत लाड. सीतेचा कांत कोण, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयाची गरज नाही. लिहिणारे तेवढे गजानन. पण व्यासांच्या वेळेपासून लेखनिकाचे काम त्याच दैवताकडे आहे.

आमचे आजोबा, पहिले रामचंद्र, त्या वेळी निपाणीस तंबाखूच्या एका वखारीत हिशेबनीस होते. वखारीच्या मालकांकडे रेडिओ होता. गीताच्या दिवशी कामगार, हमाल, शेजारपाजारच्या बायका, सारे ओसरीवर जमत आणि आजोबा खोकल्याने कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून दाराबाहेर उभे राहत. हे आम्हांस वडिलांनी सांगितले. १९५६ च्या वसंतात गीतरामायण संपले आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला निपाणी व बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. आजोबा जाग्यावरच राहिले. राज्य तेवढे बदलले. त्यानंतर पुढची सबंध हयात हा मनुष्य चिडला म्हणजे म्हणे, ‘रामालाही वनवासाची मुदत सांगितली होती.’

परदेशातही असे योग येतात. इंग्लंडातील लीड्स शहरात १९८१ साली तीन तरुणांनी एक वाद्यवृंद काढून त्याचे नावच ‘थ्री जॉन्स’, म्हणजे तीन जॉन, असे ठेविले. त्यातल्या तिसऱ्याचे पहिले नाव फिलिप होते, तरी जॉनपदी त्याची नेमणूक झाली. तेथे नाव ही गंमत होती. आपल्याकडे गमतीतून सुरू झालेले नावही कसे जड होऊन बसते पाहा. दादा कोंडके यांनी ‘पांडू हवालदार’ चित्रपटासाठी सुरेंद्र आणि विजय पाटील या दोघा वादकांना ‘राम-लक्ष्मण’ हे जोडनाव दिले. चित्रपट १९७५ चा. पुढे लवकरच त्यांतले राम वारले. लक्ष्मणाने नाव बदलले नाही. पाटी तशीच ठेवली. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ची गाणी देशभर गाजली, तेव्हा पडद्यावर नाव आले ‘रामलक्ष्मण’, आणि लोकांना वाटले दोघे आहेत. विजय पाटील २०२१ साली गेले. पुढची अनेक वर्षे एका माणसाने दुसऱ्याचे नाव आपल्या नावापुढे ठेवून काम केले. कायद्याने यास वारसा म्हणता येणार नाही; पण दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही.

कायद्याचे शिक्षण घेत असताना बेळगावात एकदा विजापुरे मास्तरांची पेटी ऐकण्याचा योग आला. वय ऐंशीच्या पुढे गेलेले. साथ नव्हे, स्वतंत्र वादन. शब्द एकही नाही, आणि तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. गायकाने जेथे श्वास घ्यावा तेथे भाताही जणू श्वास घेत होता. ऐकता ऐकता आम्हांस एकाएकी आमची आई आठवली.

आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला, की रामरक्षा होई. म्हणणारे आम्ही व वडील. आई हात जोडून, डोळे मिटून बसे. ओठ हलत नसत. तिला ती पाठ नाही, अशी आमची पक्की समजूत होती. गीतरामायणाच्या ध्वनिफिती आल्या, तेव्हाही तसेच. भाकऱ्या थापताना ती गाणे गुणगुणे, पण नुसती चाल, शब्द नाहीत. कोंकणी वळणामुळे तिला मराठी शब्द अडतात, असे आम्ही समजत होतो आणि एक-दोनदा तिची थट्टाही केली. त्या दिवशी पेटीचे निःशब्द गाणे ऐकताना उलगडा झाला. ज्या स्तोत्रात आणि ज्या गाण्यात पावलोपावली सासऱ्यांचे नाव येते, ते तिने म्हणावे कसे? देवाचे नाव घेण्यास दोष नाही, हे तिला कोणीही शास्त्री सांगता. तिने कोणास विचारले नाही. सूर घेतला, नाव सोडून दिले. घरी गेल्यावर आम्ही विचारले, ‘आई, तुला रामरक्षा येते?’ ती म्हणाली, ‘तुझ्यापेक्षा चांगली येते, पुता. तू दोन ठिकाणी चुकतोस.’

चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या रात्री रुग्णालयात तिच्यापाशी आम्ही एकटेच होतो. बोलणे दोन दिवस बंद होते. पहाटेच्या सुमारास तिने डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, ‘राम.’

मृत्युपत्रातले एकच नाव दोघांना लागू पडत असेल, तर लिहिणाराच्या मनात कोण होता हे दाखविण्यास कायदा बाहेरचा पुरावा देऊ देतो. येथे पुरावा नाही. तिने देवाचे नाव घेतले असेल. तो त्या वेळेचा धर्मच आहे. सासऱ्यांना ती नेण्यास आलेले पाहत असेल, आणि आता मर्यादा कसली, असे तिला वाटले असेल. किंवा जन्मभर जी हाक तिने मुलाला मारली नाही, ती एकदा मारून टाकली असेल. भागवतातल्या अजामिळाने आपल्या मुलाला, नारायणाला, हाक मारली आणि ती वैकुंठात ऐकू गेली. आमच्या आईने कदाचित वैकुंठात हाक मारली असेल. ‘ओ’ मात्र मुलाने दिली.

इतक्या रामभाऊंच्या मालकीच्या नावावर आम्ही एकट्याने हक्क सांगत नाही. परंतु त्या वेळी ओ देणारे दुसरे कोणी त्या खोलीत नव्हते. निदान आम्हांस दिसत तरी नव्हते.