ड्रेस्डेनमधले एक शून्य

ड्रेस्डेनला गेलो तो एक आकडा मनात धरून. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश आणि पुढचे दोन दिवस अमेरिकन विमानांनी या जर्मन शहराची राखरांगोळी केली. त्यात दोन लाख माणसे मेली, असे युद्धसाहित्य शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो. कुठेतरी वाचले होते. आणि मास्तरांचा आकडा कोण तपासतो?

एल्ब नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. १५ फेब्रुवारीला ढासळलेले फ्राउएनकिर्श हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. फिकट भिंतीत जुने काळे दगड ठिगळांसारखे दिसतात. मी म्हटले, आगीचा धूर! पण तो दगड मुळी वयानेच काळवंडतो.

आल्टमार्क्ट चौकात मात्र पाय अडखळले. इथे ६,८६५ प्रेते रचून जाळली. म्हणजे त्या आकांतातही कुणीतरी मोजत होते! मार्च १९४५ च्या पोलीस अहवालात मृतांचा आकडा होता २०,२०४. बनावट प्रतीत त्याचे झाले २,०२,०४०. शेवटी एक शून्य, बस्स! शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० मध्ये निर्वाळा दिला, जास्तीत जास्त २५,०००.

"अहो, पण पंचवीस हजार म्हणजे थोडी का?" सौ. म्हणाली.

आमचे अख्खे गाव धरले तरी तेवढी भरायची नाहीत.

रात्री टिपणवहीतला आकडा खोडला. माझ्या वर्गात तो उतरवून घेतलेली मुले आज ठिकठिकाणी मास्तर झाली आहेत.