दौंडला गाडी उलटी वळते तेव्हा...

वीकेंड म्हटलं की लोणावळा, मुळशी, फार तर महाबळेश्वर. आपली यादी इथेच संपते ना? शिरूर-दौंडचं नाव काढलं की मित्रमंडळी विचारतात, "तिथे काय आहे?" मीही हेच विचारलं असतं. पण एका स्टोरीसाठी दोन्ही तालुके एकाच दिवसात करायचे होते. शिरूरला एसटी जाते, दौंडला ट्रेन. मधल्या रस्त्याचं काय? उत्तर पार्किंगमध्ये धूळ खात उभं होतं. माझी स्कूटर!

प्रॉब्लेम एवढाच, की दोन वर्षांपूर्वी पावसात ती घसरली, माझ्या मनगटात प्लेट बसली आणि तेव्हापासून मी हायवेचं तोंड पाहिलं नव्हतं. लांब जायचं तर कुणाच्या तरी मागे बसून. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करण्याइतकी धीट, पण वाघोलीच्या पुढे स्कूटर न्यायची म्हटलं की पोटात गोळा!

जानेवारीतल्या एका पहाटे निघाले. नगर रोडवर कंटेनर बाजूने गेला की हँडल आपोआप घट्ट पकडलं जायचं. रांजणगावला अष्टविनायकांपैकी महागणपतीचं दर्शन घेतलं, पण खरं सांगते, थांबले ते पाय थरथरत होते म्हणून. चहाच्या टपरीवरच्या काकूंनी विचारलं, "एकटीच आलीस व्हय?" मी म्हटलं, "हो, पण भीती वाटतेय." त्या म्हणाल्या, "मग सावकाश जा की. परत कशाला फिरायचं?" इतका सोपा सल्ला मला दोन वर्षांत कुणी दिला नव्हता.

शिरूर म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी. तिथून टाकळी हाजीच्या रस्त्याने कुकडीच्या काठी पोचले. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेरचं निघोज. मधे नदीच्या काळ्या बसाल्टमध्ये पडलेले रांजणखळगे. प्रवाहातले गोटे खळग्यात अडकतात, पाण्याच्या भोवऱ्यात गरगर फिरतात आणि हजारो वर्षांत दगड रांजणासारखा कोरून काढतात. वाकून पाहायचा मोह झाला, पण काठ निसरडा आणि आत खोल पाणी. चार पावलं मागेच उभी राहिले. ही भीती कामाची, ती सोबत असू द्यावी. हायवेची भीती मात्र एका जुन्या पावसाची होती, आणि आज तर लख्ख ऊन पडलं होतं.

न्हावऱ्याकडून पारगावच्या दिशेने वळले, तर समोर उसाने भरलेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. दोन-तीन किलोमीटर निमूटपणे त्याच्या मागून गेले. मग रस्ता मोकळा दिसला, हॉर्न दिला आणि... गेले पुढे! हेल्मेटच्या आत एकटीच ओरडले. भीमेच्या पुलावर थांबून पाणी प्यायले.

पुढे केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना इथे आसरा दिला. पण मला आठवत होत्या त्या ऐन विशीतल्या रमाबाई. आई-वडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पुढच्याच वर्षी, पंचविशीत, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला निघाल्या. त्या प्रवासाला हातभार लागला तो 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशांचा. म्हणजे आम्हा फ्रीलान्सरांच्या आजीच की! तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं. त्यांना भीती वाटली नसेल? मला नाही तसं वाटत. भीतीसकट निघाल्या असतील.

संध्याकाळी दौंड स्टेशन. लहानपणी मनमाडकडून पुण्याला येताना गाडी इथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. "आपण परत चाललो!" म्हणून मी एकदा भोकाड पसरलं होतं. बाबा हसले होते, "अगं, पुण्याला असंच जातात." आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या इथे न वळता थेट जातात. पण गेली दोन वर्षं मला आपण मागे चाललोय असंच वाटत होतं. कदाचित इंजिन बदलायला तेवढा वेळ लागतो.

आईला फोन केला. "दौंडला आहे. स्कूटरवर." पलीकडे शांतता. मग, "हेल्मेट घातलंयस ना?"

रात्र स्टेशनजवळच्या लॉजवर काढली. अंधारात हायवे नको. तेवढी भीती अजून आहे, आणि असू दे! सकाळी सोलापूर रोडने घरी आले, सावकाश.

जाताय? रांजणखळगे पावसाळ्यानंतर, पाणी ओसरल्यावर पाहा. मुक्ती मिशनमध्ये जायचं तर आधी परवानगी घ्या. ऊस-हंगामात ट्रॉल्यांपासून अंतर ठेवा. आणि काकूंचा सल्ला विसरू नका.