गोव्यात जा आणि समुद्राकडे पाठ फिरवा

३१० मीटर. दूधसागरची उंची भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली असते. पण त्या ३१० मीटरच्या पायथ्याशी, गळ्यापर्यंत गार पाण्यात तरंगत, मान मागे टाकून वर बघायचं आणि वरचं टोक काही केल्या सापडायचं नाही, हे कुठलं पुस्तक सांगणार? मी ते बघितलं. तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हालाही सांगणार आहे. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एक अख्खा दिवस समुद्राकडे पाठ फिरवलीच पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आपला गोवा म्हणजे काय? कळंगुट, बागा, कोलवा, फार तर पाळोळे. मंगेशी आणि शांतादुर्गा. जुन्या गोव्यातली चर्चेस. आणि मासे! यातलं काहीही सोडायला मी तयार नाही. पण एकदा नकाशा उघडून बघाच. गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर रुंद, आणि त्यातला पूर्वेचा सगळा पट्टा गर्द हिरवा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे. तिकडे सह्याद्री उभा आहे. आपलाच सह्याद्री, नाशिककडून, महाबळेश्वरवरून, आंबोलीवरून दक्षिणेला येत येत इथे पोचलेला! वाळूवर बसून आपण पश्चिमेला सूर्यास्त बघत असतो, तेव्हा आपल्या पाठीमागे, मोटारीने दोन तासांच्या आत, हे एवढं सगळं असतं.

आम्ही पणजीहून अंधारातच निघालो. मी, माझी बहीण आणि माझी बारा वर्षांची भाची. एका दिवसाची सहल ठरवली होती: गाडी, गाइड, जीप, दुपारचं जेवण आणि येताना तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ. फोंडा मागे पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळोख दाट होत गेला, आणि उजाडलं तेव्हा तो काळोख नव्हताच, झाडी होती. गाइड तिथल्याच गावातला तरुण मुलगा. पहिल्याच वळणावर त्याने काच खाली करायला लावली. "ताई, एसी बंद करूया. वास घ्या." ओल्या पाचोळ्याचा, मातीचा, कसल्याशा फुलांचा वास एकदम आत आला, आणि पुढचा सगळा दिवस आम्ही एसी लावलाच नाही.

कुळे हे रेल्वे स्टेशनाचं छोटंसं गाव. इथून पुढे आपली गाडी जात नाही. सात-सात जणांच्या जीप, त्यांची रांग, तिकिटाची खिडकी, नारिंगी लाइफ जॅकेटांचे ढीग, आणि मग वनखात्याची चौकी. ही व्यवस्था मला मनापासून आवडली. जीप इथल्याच लोकांच्या, चालवणारेही इथलेच, आणि जंगलात किती गाड्या सोडायच्या यावर नियंत्रण. आमच्या जीपचे काका कमी बोलणारे. त्यांनी आम्हाला बसल्याबसल्या एकच सूचना दिली: "पयलीं जाकीट, मागीर उदक." भाचीने ती लगेच पाठ केली, आणि दिवसभर आम्हा दोघींना तीच ऐकवत राहिली.

आणि मग जंगल! हे भगवान महावीर अभयारण्य, २४० चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पोटात १०७ चौरस किलोमीटरचं मोले राष्ट्रीय उद्यान. जीप लाल मातीच्या वाटेवरून उडत चालली होती. ऐन, किंदळ, नाणा, आणि त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. ऐनाला इथे माट्टी म्हणतात, हे गाइडने एका खोडावर थाप मारून सांगितलं. मधेच ओढा आडवा आला. पूल नाही, काही नाही. काकांनी गिअर बदलला आणि जीप सरळ पाण्यात घातली! पाणी दोन्ही बाजूंनी उसळलं, पायाशी आलं, आम्ही तिघी किंचाळलो, आणि पलीकडच्या चढावर जीप शांतपणे बाहेर पडली. पुढे तसाच आणखी एक ओढा. तोवर भाची उभी राहून टाळ्या वाजवायला लागली होती.

ओढ्याच्या पलीकडे गाइडने हात वर केला, जीप थांबली, इंजिन बंद. वर, फार वर, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर तांबूस काहीतरी झेपावलं. शेकरू! आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ज्याच्यासाठी मी भीमाशंकरला तासन् तास मान वर करून फिरले आहे, तो इथे आमच्या डोक्यावर निवांत फळ सोलत बसला होता. शेपूट अंगापेक्षा लांब. मग दुरून पंखांचा घरघरता आवाज आला आणि दोन धनेश वाटेवरून आडवे गेले. धनेशाच्या पंखांचा एवढा मोठा आवाज होतो हे मला माहीतच नव्हतं.

शेवटचा टप्पा पायी. गोटे, मुळं, मधेच लाकडी साकव, आणि खाण्याच्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि ऐकू यायच्याही आधी अंगाला लागतो: एवढं पाणी कोसळताना हवेला बाहेर ढकलतं, आणि त्या वाऱ्याबरोबर तुषार झाडांतून येऊन तोंडावर बसतात. एक मोठा खडक ओलांडला आणि बहीण माझा दंड धरून नुसती उभी राहिली.

किती पांढरा! पाणी एकदम पडत नाही, चार टप्प्यांत कातळावर आपटत, फुटत, पसरत येतं. दर आपटण्यात हवा घुसळली जाते, पाण्याचे बारीक थेंब आणि बुडबुडे होतात, आणि ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून आपल्याला पांढरंशुभ्र दिसतं. राजकन्येने दुधाचा घडा ओतून पडदा केला, अशी इथली कथा सांगतात. समोर उभं राहिल्यावर मला तर ती कथा पूर्णपणे पटली.

आणि खाली डोह. वरचा तो सगळा गदारोळ, आणि खाली हिरवं, खोल, तळाचे दगड दिसतील इतकं स्वच्छ पाणी. जॅकेटांचे पट्टे गाइडने स्वतः ओढून बघितले, भाचीचे दोनदा. पहिलं पाऊल टाकलं आणि थंडी टाचेपासून थेट डोक्यात गेली. नोव्हेंबरचा महिना, वर ऊन, आणि पाणी असलं गार! दोन मिनिटं दात वाजले, मग अंग सैल पडलं, मग बाहेर यावंसंच वाटेना. दगडाशी पाय सोडून बसलं की बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडतात. भाची आधी ओरडली, मग हसली, मग मला म्हणाली, "मावशी, तू हलू नकोस, ते घाबरतात," आणि हे चळवळं पोर चक्क दहा मिनिटं स्तब्ध बसलं.

मला पार धारेच्या खाली जायचं होतं. मला पोहता येतं, चांगलं येतं. गाइडने नाही म्हटलं आणि कारण सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं: धार जिथे पडते तिथल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते पाणी हलकं होतं आणि माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. वर पडणाऱ्या पाण्याचा दाब, खालून ओढ, आणि कातळ निसरडा. म्हणून पोहायचा भाग आखलेला, म्हणून काठावर जीवरक्षक, म्हणून जॅकेटाची सक्ती. बरोबर जाणकार असला की भीती वाटत नाही, उलट पाणी समजायला लागतं. मी त्या फेसाकडे नव्या नजरेने बघत बसले.

तेवढ्यात शिट्टी! सगळा डोह वर बघायला लागला. धबधब्याच्या ऐन मध्यावर, जिथे नुसता कातळ आणि पाणी असायला हवं तिथे, कमानींचा पूल आहे, आणि त्या पुलावर बोगद्यातून एक इंजिन बाहेर आलं. मालगाडी होती. डबे संपता संपेनात. पुढे इंजिनं, मागे ढकलायलाही इंजिनं, आणि पुलाच्या कमानींखालून पांढरं पाणी तसंच कोसळतंय! काठावरची अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना बोट दाखवत होती. हा ब्रागांझा घाट. पोर्तुगीज राजघराण्याचं नाव मिळालेली ही वाट मुरगाव बंदराला कॅसलरॉकशी जोडते. ही लोहमार्गाची वाट १८८८ साली खुली झाली. चढ एवढा की दर ३७ मीटरला रूळ एक मीटर वर चढतो, म्हणून मागून जोर लावायला जादा इंजिनं. ज्या माणसांनी त्या कड्यात बोगदे खोदले आणि कोसळत्या पाण्यासमोर कमानी उभ्या केल्या त्यांना हात जोडावेसे वाटतात. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत वास्कोला येणारी गोवा एक्स्प्रेस याच पुलावरून जाते.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते परतीच्या वाटेवरच्या एका साध्या माहितीने. मी गाइडला सहज विचारलं, हे पाणी जातं कुठे? तो म्हणाला, "तुम्ही सकाळी ज्याने तोंड धुतलंत ना, ते हेच." दूधसागरचं पाणी खांडेपार नदीला मिळतं. खांडेपारवर ओपा इथे पाणी उचलून, शुद्ध करून, फोंडा आणि पणजीच्या बाजूला नळाने पोचवतात. उरलेलं मांडवीत, आणि मांडवीतून समुद्रात. म्हणजे आम्ही ज्या समुद्रासाठी गोव्याला येतो, ज्या मांडवीच्या काठावर संध्याकाळी फिरतो, हॉटेलात ज्या नळाखाली हात धरतो, त्या सगळ्यामागे हे जंगल आहे! पावसाळ्यात पडलेला पाऊस ही झाडी धरून ठेवते आणि महिनोन्‌महिने थोडा थोडा सोडते. नोव्हेंबरात, आभाळात ढग नसताना, एवढं पाणी कोसळत होतं ते कुठून आलं याचं उत्तर मला तिथे मिळालं.

म्हणूनच २०२० पासून गोव्यातल्या तरुणांनी मोलेच्या जंगलासाठी जो आवाज उठवला, त्याचं मोल मला त्या वाटेवर कळलं. या जंगलातून रेल्वेचं दुपदरीकरण, रुंद महामार्ग आणि विजेची वाहिनी नेण्याचे बेत होते. विद्यार्थी, चित्रकार, वकील, अभ्यासक, गावकरी उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. त्या सगळ्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. माझी भाची ज्या पाण्यात बसली ते पाणी त्यांनी राखलं.

जेवण एका मसाल्याच्या बागेत, केळीच्या पानावर. जायपत्री ताजी असताना किती लालभडक असते ते तिथे बघा, आणि सोलकढी दोन वाट्या प्या. जास्त वेळ मात्र तिथे घालवू नका, कारण तांबडी सुर्ल वाट बघत असतं.

अगदी जंगलाच्या कुशीत, डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या दगडातलं छोटं देऊळ. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. किनाऱ्याजवळची किती देवळं पोर्तुगीज काळात पडली; हे एवढ्या आत, एवढ्या झाडीत असल्यामुळे शाबूत राहिलं असं म्हणतात. तोंड पूर्वेला, त्यामुळे उगवत्या सूर्याचे किरण आत येतात. मंडपाच्या छतावर दगडात कोरलेलं कमळ आहे. देवळाला लागूनच नदी वाहते, उथळ, खळखळती, वर झाडांची कमान. पायऱ्या उतरून आम्ही पाय सोडून बसलो. सकाळच्या डोहाने श्वास थांबवला होता, इथे तो पुन्हा सावकाश चालू झाला. मला विचाराल तर याच क्रमाने जायला हवं: आधी दूधसागर, मग तांबडी सुर्ल.

तर जा. पावसाळ्यात जीपची वाट बंद असते, साधारण ऑक्टोबरात उघडते. नोव्हेंबर सगळ्यात चांगला: पाणी भरपूर आणि डोहात उतरता येतं. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर कुळेला पोचा. धबधब्याशी मिळणारा वेळ दीड तासाच्या आसपास असतो, तो फोटोंत घालवू नका. पकड असलेली पादत्राणं आणि कोरड्या कपड्यांचा जोड बरोबर घ्या. गुडघे दुखत असतील तर शेवटची दगडांची वाट जड जाईल, हे आधीच लक्षात ठेवा. रुळांवरून चालत जायचा मोह कुणी कितीही घातला तरी जाऊ नका, त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दारू आणि प्लास्टिक घरी ठेवा. स्थानिक गाइड घ्या आणि त्याला भरपूर प्रश्न विचारा. पोहता येत असलं तरी जाकीट काढू नका. आणि मुलांना न्या, नक्की न्या.