हिरव्या डोंगरावरचं डाळिंब आणि पाण्याची पाळी

पंधरा-वीस दिवस इथं काही लिहिलं नाही, बऱ्याच जणांनी विचारलं. मस्कतला लेकीकडं गेलो होतो, ओमान देशात. विमानाचं कौतुक सांगत नाही, एका दिवसाचं सांगतो.

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार. जावयांना सुट्टी. आम्ही दोघं, लेक, जावई आणि नातू असे जबल अखदरला निघालो. नावाचा अर्थ हिरवा डोंगर. खालून बघितलं तर हिरवी काडी नाही, नुसता तापलेला दगड. गाडीतल्या काट्यावर ४१. पायथ्याला बिरकत अल मौज गाव. तिथं पोलीस गाडी तपासतात, चारी चाकांना जोर असलेलीच गाडी वर सोडतात. घाट तसाच उभा आहे.

वर सैकचं पठार. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, हे २००० मीटरच्या आसपास. काच खाली केली तर गार वारा, काट्यावर २७. हिनं पदर अंगाभोवती घेतला. नातू मला म्हणाला, "आजोबा, एसी बाहेर पण लावलाय."

आता मुद्द्याचं. अल अक्र ते शिरैजा या गावांमधून चालत गेलो. कड्याला बिलगून दगडी बांधाच्या पायऱ्या, एकेक वाफा आपल्या गोठ्याएवढा. त्यात डाळिंब, अक्रोड, जर्दाळू, गुलाब. डाळिंबाचा हंगाम होता, झाडं वाकलेली. फळ आपल्या भगव्यासारखं चकचकीत नाही, पण दाणा लालबुंद आणि चव जोरदार. तिथं हिवाळ्यात झाड थंडीनं आपोआप पानं टाकतं. आपण ताण देतो, इथ्रेल मारतो, तेव्हा कुठं पानगळ. तिथं ते काम डोंगर करतो. (कलम का आणलं नाही असं कुणी विचारू नका. रोग-कीड असल्याच काडीवर बसून येते. तेल्यानं एकदा माझी साडेतीनशे झाडं उपटायला लावलीत.)

या पायऱ्यांना पाणी फलजचं. झऱ्याचं पाणी अरुंद पाटानं उतारावर आणायचं, हौदात साठवायचं, पाळीनं सोडायचं. मोटर नाही. असे हजारो फलज त्या देशात अजून चालू आहेत, त्यातले पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले. पायथ्याच्या गावातला एक त्यात आहे. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री चांदण्यांवर पाळी मोजायचे.

एका वाफ्यात बांगलादेशी गडी होता, हिंदी बोलायचा. त्याला विचारलं, "पाळीत पाणी कमी आलं तर?" म्हणाला, "चाचा, हिस्सा वेळेचा असतो. पाणी येईल तेवढं आपलं. वेळ संपली की बोळा लावायचा, दुसऱ्याच्या वेळेला हात नाही लावायचा."

मी तिथंच बांधावर बसलो. हिनं विचारलं, "चक्कर आली का?" तिला कळलं होतं, तरी विचारलं.

आमची विहीर सामाईक. चार दिवस दादाचे, चार माझे. मागच्या जानेवारीत माझ्या पाळीत दोन दिवस लाइट नव्हती. पाचव्या दिवशी मोटर मी बंद केली नाही, सहाव्यालाही नाही. दादाच्या बागेचा ताण तोडायचा होता, पहिलं पाणी लांबलं, फूल मागं-पुढं निघालं, माल एकसारखा बसला नाही. त्याचं नुकसान झालं आणि वर भावकीत मीच मोठ्यानं बोललो, की लाइट गेली त्यात माझा काय दोष? तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बाकी दिवस चांगला गेला. कड्यावर डबा खाल्ला, लेकीनं धपाटे आणले होते. काही पायऱ्या मात्र सुकलेल्या दिसल्या, झाडाचे नुसते खुंट. पाण्याची ओढ तिथंही आहे. येताना गुलाबपाण्याची बाटली घेतली. मातीच्या चुलीवर काढतात, धुराचा वास येतो.

परवा ती बाटली वहिनीला द्यायला गेलो. दादा ओट्यावर होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तिकडं डाळिंबाला पाणी कसं देतात रं?"

"पाळीनं," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. वहिनीनं चहा आणला, दोन कप. येत्या जानेवारीत पहिलं पाणी दादाच्या बागेला आणि माझ्या पाळीतले दोन दिवस त्याला, असं वहीत लिहून ठेवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.