बाकावरची रिकामी जागा

रविवार, रात्री.

आज चर्चच्या उपासनेत आमच्या बाकावर मी एकटीच होते. पूर्वी तिथे आम्ही पाचजणी दाटीवाटीने बसायचो.

आपली उपासना जुन्या वळणाची. हातात 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक, पेटी-तबल्याची साथ, उभं राहून केलेली प्रभूची प्रार्थना. नव्या माणसाला ती संथ वाटेल म्हणून आपण बोलवायलाच संकोचतो. मला हे पटत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला अभंगांत, भजनांत आणलं. ती गीतं गाताना आजही माझा गळा दाटून येतो. अशी ठेव झाकून का ठेवायची?

आई गेल्यावर दोन वर्षं मी चर्चकडे फिरकले नव्हते. एका रविवारी शेजारच्या मावशी दारात आल्या. "चल, माझ्याजवळ बस," एवढंच म्हणाल्या. ना उपदेश, ना चौकशी. त्या दिवशी मला गाता आलं नाही. मावशी माझा हात धरून गात राहिल्या. तेव्हापासून मी रविवार चुकवलेला नाही.

उद्या मी पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींना बोलवायला जाणार आहे. तुम्हीही या आठवड्यात एक दार वाजवा. मोबाइलवर निरोप नको, स्वतः जा. आणि रविवारी जे येतील त्यांच्या शेजारीच बसा.